कळंबच्या रस्त्यावर सांगितलेली गोष्ट

दिगू,

परवा कळंबच्या केसचा निकाल आला आणि मी सवयीने तुलाच फोन लावला. तीस वर्षांची सवय ही. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करायचा आणि बोलण्याची सुरुवात शिवीने करायची. शिवी तोंडात तयार होती. फोन कुमुदवहिनींनी उचलला. मी शिवी गिळून एवढंच म्हटलं, निकाल आला. त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं, भाऊजी?"

"तुमच्याकडचे," मी म्हणालो.

"आता त्यायले कोण सांगन?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हणून हे लिहायला बसलो आहे. आज रविवार. कचेऱ्या बंद, बार रूम बंद, खालचा झेरॉक्सवालासुद्धा आलेला नाही. माझ्या ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा आहे. पूर्वी रविवारी तू यायचास, माझ्या पेपरातलं शब्दकोडं चुकीचं भरून ठेवायचास आणि निघून जायचास. आजचं कोडं कोरं पडलं आहे. मला ते सोडवावंसंही वाटत नाही.

तू गेलास त्याला बावीस दिवस झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची सकाळ होती, गल्लीत लहान मुलं लाकडी बैलांना झुली बांधत होती, आणि तू आंघोळीला उठलास तो ओसरीवरच बसलास. बसलास तो गेलासच. बार रूममध्ये शोकसभा झाली. कुणी तुला शेतकऱ्यांचा कैवारी म्हटलं, कुणी शेतीच्या कायद्याचा गाढा अभ्यासक. गाढा अभ्यासक! तुझ्याकडे कायद्याचं एक पुस्तक धड नव्हतं. माझंच न्यायचास आणि पानं दुमडून, वर चहाचा डाग पाडून परत करायचास. मला दोन शब्द बोला म्हणाले, मी मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच. पण आपलं एक भांडण अर्धं राहिलेलं, ते डोक्यात घेऊन चारचौघांत तुझं कौतुक करायला माझी जीभ वळेना.

आपण आयुष्यात एकदाही एका बाजूने उभे राहिलो नाही. धुऱ्या-बांधाचा वाद, वाटेचा वाद, भावाभावांची वाटणी, सामाईक विहिरीच्या पाळ्या, कुणाची जनावरं कुणाच्या तुरीत शिरली त्याचा तंटा. शेतकरी घरांतल्या या भांडणांत एक घर तुझ्याकडे गेलं की दुसरं आपोआप माझ्याकडे यायचं. बाभुळगावला, कळंबला, कधी पार फुलसावंगीपर्यंत, तहसीलीत आपण समोरासमोर. आणि तिथवर जायचं मात्र एकाच गाडीने, कारण सुरुवातीला दोघांत मिळून एकच स्कूटर होती. पुढे माझी गाडी आली, तरी तुझी जागा माझ्या शेजारीच राहिली.

बाभुळगावचा तो पक्षकार तुला आठवत असेल. आपण दोघं एका स्कूटरवरून उतरताना त्याने पाहिलं आणि माझ्या हातातली फाईल काढून घेतली. "तुमी तं एकाच ताटातले हाय, साहेब," म्हणाला. त्या दिवशी तू परतीच्या वाटेवर फिदीफिदी हसत होतास आणि मी संतापलो होतो. मग आपण नियम केला. तहसील यायच्या आधी एकाने उतरायचं आणि पायी यायचं. कुणी उतरायचं? ज्याची बाजू लंगडी त्याने. हा दुसरा नियम तुझा. गाडीत केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा पहिला नियम माझा. म्हणजे बोलायचं काही नाही, फक्त उतरायचं. तीस वर्षांत तू माझ्यापेक्षा जास्त चाललास, असं मी म्हणायचो. त्यावर तू म्हणायचास, "मी चालतो थे तब्येतीसाठी. तुह्या बाजूले तं पाय बी नसते." आणि त्याच पायी येण्यात तू वाटेत चार माणसांशी बोलून, भजी खाऊन, केसची एखादी नवीच बाजू घेऊन हजर व्हायचास. मी गाडी लावून पाऊण तास आधी बसलेला असायचो.

मी यवतमाळच्या कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. सातबारा मला घरच्या रेशनकार्डासारखा वाचता यायचा, पण शेतात उभं केलं तर पूर्व कुठली तेसुद्धा सांगता यायचं नाही. तू वावरातून उठून आलेला. वाटेचा पहिला दावा लढायला आपण गेलो तो चैत्र होता. मी छाती काढून तहसीलदारांना मोकळं रान दाखवलं. "पाहा साहेब, बैलगाडी कुठूनही जाते." तू समोरच्या बाजूचा, तरी मला बाजूला ओढलंस. "येडा झाला का बे? उन्हाळ्यात सारं शिवार रस्ताच असते. वाट पाहाची तं तूर कमरेले लागली का पाहाची." विरुद्ध बाजूच्या वकिलाला असं शिकवणारा दुसरा मूर्ख मी पाहिला नाही. तो दावा मी हरलो. पुढचे बरेच जिंकलो ते तुझ्या त्या एका वाक्यावर, आणि तुला हे मी एकदाही सांगितलं नाही.

बैलाची केस मात्र आपण दोघंही सांगत फिरायचो. एका बैलावर दोघांचा हक्क. तू तहसीलदारांना सुचवलंस की बैलाला चौकात सोडा, ज्याच्या गोठ्याकडे जाईल त्याचा. त्यांनाही काय लहर आली कोण जाणे, त्यांनी हो म्हटलं. बैल कुठल्याही गोठ्याकडे गेला नाही. सरळ तहसीलीच्या आवारात शिरला आणि नायब तहसीलदारांनी जीव लावून वाढवलेला झेंडू चरत उभा राहिला. तू कपाळाला हात लावून म्हणालास, "घ्या, बैल सरकारजमा."

असं सांगत गेलो तर मी मूळ गोष्टीवर येणारच नाही. मी टाळतो आहे हे तुला केव्हाच कळलं असेल.

सुमनबाईची केस. माझी पक्षकार. कळंब तालुक्यात चार एकराचं वावर, आईकडून आलेलं. आईला ही एकटीच मुलगी, म्हणून माहेरच्या गावात येऊन शेती करते. नवरा शाळेत शिपाई, तो सुट्टीच्या दिवशी काय मदत करेल तेवढीच. तिच्या वावरात जायची वाट शेजारच्या सुधाकरच्या धुऱ्यावरून. तिची आई त्याच वाटेने गेली, तीही लहानपणापासून त्याच वाटेने गेली. यंदा सुधाकरने धुरा नांगरला आणि वाटेवर तूर पेरली. आता तिला नाल्यातून जावं लागतं. पावसाळ्यात तिथे मांडीइतकं पाणी, आणि कापूस वेचल्यावर गाठोडं डोक्यावर घेऊन तिथूनच यायचं. सुधाकर तुझा पक्षकार.

शेवटची तारीख होती त्या दिवशी कळंबच्या अलीकडे पेट्रोल पंपापाशी तू म्हणालास, "थांबव." आणि उतरलास. कोण उतरणार यावर आपण भांडलोच नाही. एरवी तिथे पाच मिनिटं वाद व्हायचा. मला वाटलं, तुला भजी खायची असतील. तू तहसीलीत आलास तेव्हा तुझ्या शर्टाला भज्यांचा वास नव्हता, हे आता आठवतं.

पण बोललास जबरदस्त. वाटेचा एक कागद नाही, नकाशात नोंद नाही, जुना साक्षीदार एक नाही. अर्जदार बाई लहानपणची आठवण सांगते, पण आठवणीवर दुसऱ्याच्या वावरातून वाट देता येत नाही. सुमनबाई मागच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला तुझं बोलणं कळत होतं. तहसीलदारांनी प्रकरण निकालासाठी ठेवलं.

परत निघालो. चिंतामणीच्या देवळाशी तू नेहमी गाडी थांबवायला लावायचास. तू आत जायचास आणि मी बाहेर तुझ्या चपला राखत बसायचो. त्या दिवशी देऊळ मागे पडलं तरी तू काही बोलला नाहीस. मी विचारलंही नाही. मी मनातल्या मनात अजून उत्तरं जुळवत होतो. आणि मग तू आपला पहिला नियम मोडलास.

"मध्या, सुमनबाईची वाट खरी हाय."

मला वाटलं चेष्टा करतोस. तुझ्याकडे पाहिलं तर तू समोरच्या काचेकडे पाहत होतास.

"म्हाताऱ्यानं सांगतलं मले. सुधाकरच्या बापानं. तिच्या मायच्या विहिरीवरून म्हाताऱ्यानं आठ-धा वर्ष मिरचीले पाणी नेलं. त्याच्या बदल्यात वाट देल्ली. शब्दावर. कागद नाही, काही नाही. मंग यानं सोताची विहीर खंदली, पाणी नेनं बंद झालं, वाट तशीच राह्यली. सुधाकरले माहीत नाही. ज्यायले माहीत होतं थे सारे गेले. हा म्हातारा तेवढा राह्यला."

मी गाडी बाजूला घेतली. पुढे जे झालं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं आणि ते आठवू नये असं वाटतं.

"दिगू, हे तू मले काहून सांगून राह्यला?"

"मंग कोणाले सांगू?"

तुझा हा प्रश्न मी ऐकलाच नाही, दिगू. मी सुरू झालो. पक्षकाराच्या घरच्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट. ती बाहेर काढणं हा गुन्हा. तीसुद्धा विरुद्ध बाजूच्या वकिलाजवळ. तुझी सनद जाईल. मला हे सांगून तू मला कुठे उभं केलंस, याचा विचार केलास का? वापरलं तर मी हरामखोर, नाही वापरलं तर माझ्या पक्षकाराचा गुन्हेगार. मी पंधरा मिनिटं तुला तुझाच धंदा शिकवत होतो. ट्रक बाजूने जात होते आणि गाडी हलत होती. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "सनदीचं मले माहीत हाय बे. मी काय करू थे सांग."

आणि मी म्हणालो, "तुझं तू पाह्य."

यवतमाळला आल्यावर बस स्टँडपाशी तू उतरलास. "बरं," म्हणालास. दार लावलंस. तुझं ते नेहमीचं जोरात दार आपटणं, ज्यावरून मी दर खेपेला खेकसायचो, तेही नाही. हळूच लावलंस.

तू सल्ला मागत होतास. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मला वाटलं, तू माझ्यावर ओझं टाकतो आहेस. मी नियमाचा माणूस, असं तू मला चिडवायचास आणि मी ते कौतुक समजून खिशात घालायचो.

अकरा दिवस मी तुला फोन केला नाही. तूही नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे भांडण झाल्यावर पहिलं कुणी बोलायचं याचा मला सराव नाही. माझं आयुष्यातलं सगळं भांडण तुझ्याशीच झालं आणि त्यात पहिला नेहमी तूच बोलायचास. मी वाट पाहत राहिलो. पोळ्याच्या दिवशी मी दरवर्षी तुझ्याकडे पुरणपोळी खायला येतो. यंदा आलो नाही. घरी खिचडी टाकली आणि पेपर वाचत बसलो. वहिनींनी तेरवीच्या दिवशी सांगितलं, तू दोन वाजेपर्यंत जेवायचा थांबला होतास. "येईन थो, येईन," म्हणत होतास. त्यांनी रागाने सांगितलं नाही. म्हणूनच मला तिथे बसवेना.

त्याच तेरवीला म्हातारा आला होता. गणपतबाबा, सुधाकरचा बाप. तुझ्या फोटोला हात जोडून तो माझ्याशेजारी सतरंजीवर बसला. चांगला उंच माणूस, पण बसल्यावर अगदी लहान दिसला. मला म्हणाला, "तुमी सुमनचे वकील ना?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ तो आपल्या टोपीची घडी करत राहिला.

"साहेबाले एक शब्द देल्ला होता मी," तो म्हणाला. "साहेब दोन डाव घरी आले होते माह्याकडं. म्हणे, बाबा, तुमच्या तोंडून गोष्ट निंगाली पाह्यजे, माह्या तोंडून नाही. म्या म्हटलं, पोळा होऊ द्या, मंग येतो तहसीलीत. पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी साहेबच गेले."

मला तेव्हा कळलं, तू काय करत होतास. मी सांगितलं नाही ते तू स्वतःच शोधलं होतंस. आपल्याच पक्षकाराच्या बापाला, आपल्याच पक्षकाराच्या विरुद्ध, खरं बोलायला तयार करत होतास. तेही त्याच्याच तोंडून, कुणाचा विश्वास न मोडता. एकदा मोडला होतास तेवढा फक्त माझ्यापाशी.

म्हातारा पुढे म्हणाला, "आता कोणाले सांगू? ज्याले माहीत होतं थो गेला. पोराच्या घरी खातो मी, वकीलसाहेब. त्याच्याविरुद्ध कसा बोलू? साहेब होते तं धीर होता. आता थे गोष्ट त्यायच्यासंगंच गेली." हे म्हणताना त्याला हायसं वाटत होतं. लपवत नव्हता तो. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी दोघं एकाच गाडीनं याचे. साहेब तुमच्यापाशी काही बोल्ले नाही ना?"

समोर तुझा फोटो. हार ताजा. दाराशी वहिनी वाटीत खीर घेऊन उभ्या, आणि त्यांचा कान इकडेच.

मी म्हणालो, "नाही बाबा. दिगांबर पक्षकाराची गोष्ट बाहेर काढणारा माणूस नव्हता."

म्हाताऱ्याने टोपीने डोळे पुसले. "तेच म्हटलं मी. देवमाणूस." वहिनींनी खीर माझ्यापुढे ठेवली आणि आत जाता जाता डोळ्यांना पदर लावला. त्या वेळी मला वाटलं, तुझ्यासाठी मी एक चांगलं काम केलं. शोकसभेत बोललो नाही, ते इथे बोललो. खीर मी दोनदा घेतली.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी तुझ्या फायली माझ्याकडे पाठवल्या, ज्याच्या त्याला परत करायला. सुधाकरची फाईल हातात आली. तुझी ती नेहमीची गाठ, जी सोडवताना नख तुटतं. मी ती सोडली नाही. कुणाच्या हाती न देता स्वतः सुधाकरला नेऊन दिली. त्याचा मला अभिमान वाटला, आणि घरी आल्यावर त्या अभिमानाची लाज वाटली. नियम पाळायची मला केवढी घाई असते.

आणि परवा निकाल. अर्ज नामंजूर. वाट पूर्वापार असल्याचा पुरावा नाही. तुझीच वाक्यं जवळपास जशीच्या तशी उतरली आहेत. तू असतास तर फोनवर म्हणाला असतास, "पाह्य बे, साहेब माह्या भाषेत लिहून राह्यले." आणि मी शिवी दिली असती.

काल सुमनबाई आली. एकटीच. मी निकाल वाचून दाखवला, वर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाता येईल असं सांगितलं. मग म्हणाली, "वर गेल्यावर वाट दिसन का, साहेब?"

मी निकालाच्या पानांना टाचणी लावली.

"कापूस फुटला. दसऱ्याले पहिला वेचा होईन. नाल्यात अजून पानी हाय. आणीन मी डोक्शावर, त्याचं काही नाही. मले एकच सांगा. तुमाले मी खोटी वाटली का? तिथं साऱ्यायनं असं पाह्यलं माह्याकडं का मी कोणाचं वावर लुबाडाले आली. माही माय जलमभर त्या वाटेनं गेली. थे काय चोरून जात होती?"

मी म्हणालो, "नाही. तुम्ही खऱ्या आहात."

"मंग तुमी एवढं पक्कं कसं सांगता?"

दिगू, त्या बाईने किती साधा प्रश्न विचारला. आणि माझ्याजवळ पक्कं उत्तर होतं. तिच्या आईची विहीर, म्हाताऱ्याची मिरची, आठ-दहा वर्षांचं पाणी. तिला हे कुणीच सांगितलेलं नाही. तिच्या आईने शब्द दिला, शब्द घेतला, आणि पाळलाही. हे ऐकलं असतं तर ती निकाल विसरून उठली असती. मी म्हणालो, "इतक्या वर्षांचा अंदाज असतो." तिने मान हलवली आणि चहा न घेता गेली. जाताना जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज हळूहळू खाली गेला.

एरवी अशा वेळी मी तुझ्याकडे आलो असतो. नाव न घेता, गाव न सांगता विचारलं असतं, एका माणसाने असं असं केलं तर काय करावं. तुला पहिल्या वाक्यात कळलं असतं आणि तू न कळल्यासारखं करून उत्तर दिलं असतंस. आता बार रूममध्ये माझ्याशी सगळे अदबीने बोलतात. "सर, बसा." खुर्ची देतात. माझी चूक कुणी दाखवत नाही. तू गेल्यापासून मला एकानेही मूर्ख म्हटलेलं नाही, आणि मी मूर्खपणा करतो आहे याची मला खात्री आहे. गाडीत शेजारच्या सीटवर मी आता फायली ठेवतो. ती सीट रिकामी पाहवत नाही म्हणून ठेवतो, दुसरं काही नाही.

तेरवीला मला वाटलं होतं, मी तुझी अब्रू राखली. काल सुमनबाई जिना उतरून गेल्यावर कळलं, राखली ती माझी सोय. तुला देवमाणूस ठेवलं, म्हाताऱ्याला निवांत केलं, सुधाकरला वाट दिली, आणि ज्या एका बाईचं वकीलपत्र माझ्या नावाने आहे तिला नाल्यात सोडलं. तुझ्या नावाने मी हे केलं, पण तू हे केलं नसतंस. तू तर उलट चालला होतास. दोनदा म्हाताऱ्याच्या घरी गेलास. तिसऱ्यांदा जायचं होतं ते राहिलं.

उद्या मी जाणार आहे.

कोर्टात नाही. अर्जातही एक ओळ लिहिणार नाही. म्हाताऱ्याच्या घरी जाईन, त्याच्यासमोर बसेन आणि सांगेन की बाबा, तेरवीला मी खोटं बोललो. ज्याला माहीत होतं तो गेला असं तुम्ही म्हणालात, पण मला माहीत आहे. दिगांबरने मला सांगितलं होतं. आता तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही ठरवा. तो बोलला तर वर जाता येईल. नाही बोलला तर मी गप्प राहीन, तेवढं तुझ्यासाठी करीन. पण माहीत असणारा एकही माणूस उरला नाही, अशी समजूत करून घेऊन त्याला निजू देणार नाही.

यात तुझं काय होईल ते मला माहीत आहे. म्हातारा पुन्हा तुला देवमाणूस म्हणणार नाही. सुधाकरला कळेल, आणि सुधाकरला कळलं की तालुक्याला कळेल. ते दोघं एकाच गाडीने यायचे, आम्ही म्हणतच होतो, असं लोक म्हणतील. तीस वर्षांत आपण एकदाही कुणाची केस विकली नाही, हे सांगायला तू नसशील आणि माझं कुणी ऐकणार नाही. वहिनींनाही ऐकावं लागेल. त्यांना आधी सांगावं म्हणून सकाळी तुमच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी परतलो. संध्याकाळी पुन्हा जाईन. त्यांना माझ्याच तोंडून कळलं पाहिजे.

तुझं बरोबर होतं की चूक, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. वकील म्हणून चूक होतं, हे आजही म्हणेन. माझं काय चुकलं ते मात्र मला नीट कळलं आहे. तू मला विचारलंस, मी काय करू, आणि माझ्याजवळ तेव्हा जे उत्तर नव्हतं ते आज आहे. जा म्हाताऱ्याकडे, मी बरोबर येतो, असं म्हणायला हवं होतं. एवढंच. गाडी तिथल्या तिथे वळवता आली असती.

तुला हे पटणार नाही कदाचित. तुझ्या माघारी तुझी गोष्ट उघडी करतो म्हणून तू भडकशील. भडक. ये आणि माझ्या ऑफिसचं दार आपटून उघड, पुस्तकांची पानं दुमड, मला काय वाटेल ते बोल. या वेळी मी एक दिवसही अबोला धरणार नाही.